ऋतुजाचा डावा कान

शिरूर अनंतपाळची पुनम मुखेडच्या घरात नांदायला आली, तेव्हापासून सासूने, साखराबाईने, तिला कधी सरळ हाक मारली नाही. पुढे पोरगी झाली, ऋतुजा, आणि तिचा डावा कान मुडपलेल्या कोंबासारखा निघाला. मग तर सासूच्या जिभेला धारच आली.

"गिराणात इळी धरलीस. तुझंच पाप हाय."

ग्रहणाच्या दिवशी पुनमला सातवा सरत होता. दिवसभर ती खोलीत पडून होती, विळीकडे पाहिलंही नव्हतं. पण गल्लीने सासूचंच खरं धरलं. नवरा दयानंद मान खाली घालून जेवत राहिला.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कान बोटांनी चाचपला. "कानाचा सांगाडा कुर्चेचा असतो, हाडाहून मऊ. दुसऱ्या महिन्यात गर्भाच्या मानेजवळ बारीक उंचवटे येतात. ते एकमेकांत मिसळतात, आतल्या पेशी दाटत जातात, त्यांची कुर्चा होते. इथे ते काम अर्ध्यात राहिलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. दुसऱ्या महिन्यात काही औषध घेतलं होतं?"

पुनमला आठवलं: गोऱ्हा झालेल्या गाईचं दूध, त्यात करडी पुडी, आणि "पोरगाच होतंय, पी" म्हणत समोर उभी साखराबाई.

"त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुन्हा घेऊ नका."

कान टोचायच्या दिवशी शेजारणी जमल्या. साखराबाईने पोरीचं टोपडं डाव्या बाजूने ओढून बांधलं आणि अमरेश सोनाराला म्हणाली, "एकच टोच. दुसरं झाकलेलंच बरं."

पुनमने टोपड्याची गाठ सोडली. "मामा, दोन्ही टोचा. वरचं न्हाई, पण पाळी हाय की."

"गिराणाचं लेकरू गावाला दावतीस?"

"गिराण सातव्यात लागलं, आत्याबाई. कान दुसऱ्यात घडतंय. दुसऱ्यात मला काय पाजलात, सांगू का समद्यांला?"

शेजारणी पुढे सरकल्या.

"लई जीभ सुटली तुझी. पोरगं नको का घराला? पुढच्या टायमाला..."

"पुढच्या टायमाला ती पुडी तुमीच प्या."

कोणीतरी पदरात फसकन हसलं. अमरेशने दोन्ही पाळ्यांतून तार ओवली, पोरीने घर डोक्यावर घेतलं, आणि दोन्ही कानांत बाळ्या चमकल्या.

पुनमने टोपडं चुलीत घातलं. त्या दिवसापासून साखराबाईने ग्रहणाचं नाव काढलं नाही. सुनेच्या हातचं पाणीही घेतलं नाही. पुनमनेही तिला कधी पाणी विचारलं नाही.