आसन रिकामंच हवं होतं

"हे इथे कोणी बसवलं?" सुजाताताईंनी विचारलं.

मी कौतुकाची वाट बघत हसत उभा होतो. इथे आखातात, तुबलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तयार माल बघायला आलेला क्लायंट आधी कौतुक करतो आणि मग डिस्काउंट मागतो, असा माझा अनुभव. त्यामुळे मी छाती फुगवून म्हणालो, "मीच बसवलं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये राहून गेलं होतं. एक्स्ट्रा चार्ज लावलेला नाही."

ताई पॅनेलकडे बघतच राहिल्या. मग खाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसल्या. तेव्हा कुठे माझं हसू मावळलं.

आमचा धंदा एक्झिबिशनचा. सीफ भागातल्या मॉलमध्ये दोन दिवसांसाठी राजवाडा उभा राहतो, तिसऱ्या दिवशी गायब होतो, तो आम्ही केलेला असतो. सगळा कारभार फोमचा. जाड फोमचा ठोकळा मशीनवर कोरायचा, वर रेझिनचा थर द्यायचा, म्हणजे तो कडक होतो, मग फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून रंग मारायचा. लांबून संगमरवर. जवळून बघायचं नाही आणि हात तर लावायचाच नाही. आमच्या प्रत्येक कामाशेजारी 'हात लावू नये' ही पाटी असते. लोक समजतात, वस्तू मौल्यवान आहे. खरं म्हणजे बोट लावलं तर खड्डा पडतो.

सुजाताताई इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. माहेर महाडकडचं. त्यांच्या मंडळाने मौर्य साम्राज्यावर एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंतचा नकाशा, कलिंगाचं युद्ध, त्यानंतर बदललेला अशोक, रस्त्याकडेला लावलेली झाडं, खणलेल्या विहिरी, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार. आपल्या सोपाऱ्यालाही अशोकाचा शिलालेख सापडलाय, हे मला त्यांच्या मजकुरावरून कळलं. मी शाळेत त्या धड्याच्या वेळी बहुतेक खिडकीबाहेर बघत असणार.

मधोमध हे पॅनेल. सांचीच्या तोरणावरच्या कोरीव कामावरून घेतलेलं. पिंपळाचं झाड, वर छत्र, झाडाखाली आसन आणि दोन्ही बाजूंना हात जोडलेली माणसं. आसनावर कोणीच नाही.

हे ड्रॉइंग आलं तेव्हा मी आणि हनीफभाईने ते टेबलावर पसरून पाहिलं. हनीफभाई आमचा फिनिशिंगचा माणूस, श्रीवर्धनचा. तो म्हणाला, "साहेब, हे सगले हात कोणाला जोडून बसलेत? मधी तर कोणच नाय."

"क्लायंट विसरला असणार," मी म्हणालो.

"मग टाका कायतरी. मोकलं दिसतंय."

एक फोन करायला हवा होता. केला नाही. मी इंटरनेटवरून ध्यानस्थ बुद्धांची फाइल उतरवली आणि आसनावर बसवून दिली. डोळे मिटलेले, गालावर मंद हसू. हॉटेलच्या स्पामध्ये टॉवेलांच्या शेजारी असते ना, तशीच मूर्ती. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाऊन बायकोला फोटो दाखवला.

"दादा," ताई खोक्यावरूनच म्हणाल्या, "त्या काळी बुद्धांची मूर्ती करत नसत. स्तूप अशोकाने बांधला, ही तोरणं त्याच्या नंतरची, पण तेव्हाही नाही. झाड कोरायचे, आसन, पावलं, चक्र. माणूस दाखवायचाच नाही. ते आसन रिकामं आहे, तेच बुद्ध आहेत."

मी मान हलवली. समजलं म्हणून नव्हे, क्लायंट बोलतोय म्हणून.

"एवढं मोठं नाही हो," मी म्हणालो, "कापून काढतो, फोम भरतो, रंग मारतो. संध्याकाळपर्यंत खलास. कोणाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसण्याचा प्रश्नच नाहीये. आबा हाताने बघणार आहेत."

आबा म्हणजे त्यांचे वडील. आयुष्यभर शाळामास्तर. सहावीच्या वर्गात अशोक शिकवताना ते फळ्यावर याच चित्रातलं आसन काढायचे. दर उन्हाळ्यात सांचीला जायचं ठरायचं. कधी घराचं काम निघायचं, कधी लग्न. मग काचबिंदूने नजर गेली. आता ते व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आले होते. प्रदर्शनातला सगळा मजकूर त्यांनी तोंडी सांगून लिहून घेतला होता. उद्या शुक्रवारी प्रदर्शन, शनिवारी त्यांची परतीची फ्लाइट.

"सांचीला नेणं माझ्याकडून राहून गेलं," ताई म्हणाल्या. "म्हणून हे करायला दिलं. बाकी काही नाही."

त्या ड्युटीवर गेल्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी जाताना दाराशी थांबून "उद्या सकाळी पॅनेल येईल ना, दादा?" एवढंच विचारलं.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. डोळ्यांना फसवणं हे आमचं पोट भरण्याचं साधन. जोड कितीही ओबडधोबड असो, वर रंगाची सावली मारली की संपलं. बोटांना असं फसवता येत नाही. केसाएवढी फट बोटाला बरोबर सापडते. नवं पॅनेल करावं तर रेझिन सुकायलाच वेळ नव्हता.

मूर्ती कापली. मागे जो खड्डा पडला तो बघून हनीफभाई म्हणाला, "दात काढल्यासारका दिसतोय."

खड्डा भरला, घासला. मग मी डोळे मिटून हात फिरवला. जोड लागला. परत घासला. परत लागला. डोळे मिटले तरी मी पापण्यांच्या फटीतून बघतोय, असा हनीफभाईला संशय. त्याने खांद्यावरचा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला. स्वतःच्या डोळ्यांवर ब्रश पुसायचं फडकं बांधलं. दोघं भिंत चाचपडत उभे. एकदा मी बराच वेळ अगदी बारकाईने तपासत होतो ते हनीफभाईचं मनगट निघालं.

तेवढ्यात आमचे बॉस मॅथ्यूसर आले.

"ये क्या चल रहा है?"

"क्वालिटी चेक, सर."

"आँख पे पट्टी बाँध के?" ते म्हणाले. "अच्छा. आज समझ में आया, अब तक का काम कैसे पास होता था."

मी सगळं सांगितलं. मूर्ती मी मनाने घातली, हेही. मला वाटलं, आता शिव्या. मॅथ्यूसरांनी फक्त आबांचं वय विचारलं. त्यांची आई केरळात एकटी असते. म्हणाले, "दूसरा काम रोक दो. यल्ला, चलो, ये पूरा करो."

वाट शेवटी जोड लपवायचा नाद सोडल्यावर सापडली. खड्ड्यापुरतं ठिगळ लावायचं नाही. अख्खं आसन आणि मागचा झाडाचा बुंधा एका तुकड्यात नव्याने कोरायचा, जुना पूर्ण काढायचा आणि हा तिथे बसवायचा. म्हणजे जोड येतो तो आसनाच्या कडेवर, बुंध्याच्या कडेवर. तिथे कड असणारच, बोटांना ती खटकत नाही. तुकडा छोटा, त्यामुळे हीटरसमोर रेझिनही लवकर सुकलं. एवढं झाल्यावरही माझा जीव राहीना. मी ते आसन बारीक पॉलिशपेपरने घासत बसलो. हनीफभाई म्हणाला, "बस करा साहेब, आता पलीकडचं दिसंल."

शुक्रवारी सकाळी पॅनेल हॉलमध्ये लागलं. 'हात लावू नये'ची पाटी सवयीने वर्कशॉपमधल्या पोराने डकवली होती, ती मी काढून खिशात घातली.

ताई आबांना घेऊन आल्या. पांढरा शर्ट, बारीक चण, ताठ मान. ताईंनी त्यांचा हात उचलून झाडाच्या फांदीवर ठेवला आणि सोडून दिला.

आबांनी घाई केली नाही. एकेक पान घेतलं. "पिंपळ," ते म्हणाले. पानाचं निमुळतं टोक अंगठ्याने दोनदा तपासलं. मग छत्र. मग हात जोडलेली माणसं, त्यांचे फेटे, त्यांची कोपरं. बुंध्यावरून हात खाली उतरू लागला तसा मी जोडाच्या जागेकडे बघू लागलो. शेजारी हनीफभाई काहीतरी पुटपुटत होता. दुवा असावी.

बोटं आसनाच्या कडेवर आली. कड ओलांडली. वरच्या मोकळ्या जागेत हात डावीकडून उजवीकडे गेला, बुंध्याखेरीज काही लागलं नाही. मग आबांनी तळवा आसनावर सपाट टेकवला.

"हे बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

पकडले गेलो, मी मनात म्हटलं.

"मौर्यांची झिलई अशी होती म्हणतात. अशोकाच्या खांबांवरून हात आरशावरून फिरावा तसा फिरतो. सांचीच्या तोरणावर नाही ती. पण तुम्ही इथे मुद्दाम दिलीत का?"

मी तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच बोलल्या. "दादांनी फार वेळ घासलंय ते, आबा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

आबांनी मान हलवली. हात काढला नाही. लोक नकाशा बघत होते, आम्ही केलेल्या अशोकस्तंभाच्या सिंहांशेजारी फोटो काढत होते, चहा आला होता. कोणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. ते बसले, पण हात तिथेच ठेवून.

"आता फळ्यावर काढलं तर बरोबर येईल," थोड्या वेळाने ते लेकीला म्हणाले.

प्रदर्शन संपल्यावर आमची पॅनेलं मोडीत जातात. हे मॅथ्यूसरांनी मोडू दिलं नाही. ताईंच्या फ्लॅटच्या दारातून ते आत जाईना, तेव्हा आम्ही आसनाचा तुकडाच सोडवून त्यांना दिला. जोड कडेवर असल्यामुळे अलगद निघाला. मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून तो आबांबरोबर महाडला गेला.

आता ड्रॉइंगमध्ये रिकामी जागा दिसली की मी आधी फोन करतो. परवा एका रेस्टॉरंटच्या मॅनेजरला अतिशय अदबीने विचारलं, "सर, ही भिंत मुद्दाम रिकामी ठेवलीय का? यामागे काही अर्थ आहे का?"

तो म्हणाला, "भाई, वहाँ फ्रिज आएगा."

तरी विचारलेलं बरं.