पेरूसाठी सोबतीण

जर्मनीत कोलोनला पीएचडी करत होते तेव्हा माझ्या डोक्यात पेरू देशाने घर केलं होतं. लिमापर्यंत विमान, तिथून कुस्कोपर्यंत सगळा प्रवास बसने, राहायला स्वस्तातली हॉस्टेलं. एकटीने जायचा धीर होत नव्हता, म्हणून मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीच्या, फलकावर चिठ्ठी लावली : तीन आठवडे, पाठीवर सॅक, सोबत हवी.

एकच उत्तर आलं, आणि तेही बासष्ट वर्षांच्या एका बाईंचं. तीस वर्षं ट्राम चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि विद्यापीठात ज्येष्ठांच्या स्पॅनिशच्या वर्गाला यायच्या. स्टेशनजवळच्या कॅफेत भेटलो. त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा चढवला आणि आरेकिपा या गावावर बोट ठेवलं.

"इथे चार दिवस."

"एक पुरे आहे," मी म्हटलं. "बघण्यासारखं एका दिवसात होतं."

"चार," त्या म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. दुसऱ्या भेटीत त्या बोलता बोलता घड्याळाकडे बघून उठल्या, पर्स घेऊन बाथरूममध्ये गेल्या आणि आल्यावर काहीच न घडल्यासारखं लगेच खायला लागल्या. मग विचारलं, "तुमच्या सॅकला आतून कप्पा आहे का? ऊन न लागणारा? माझा एक छोटा डबा तुमच्याकडे ठेवायचा आहे."

"त्यात काय असेल?"

"ते जाताना सांगेन."

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अनोळखी बाई, परका देश, आणि डबा तुझ्या सॅकमध्ये? पकडली गेलीस तर ती हात वर करेल." माझ्याही मनात तेच होतं. आरेकिपात त्या कोणाला भेटणार असतील, चार दिवस कोणाची वाट बघणार असतील, याची चित्रं मी प्रयोगशाळेत बसूनसुद्धा रंगवायची.

त्याच आठवड्यात आमच्या इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरी म्हणाल्या, "तुमच्याबद्दल एका बाईंचा फोन आला होता. तुम्ही खरंच इथे काम करता का, स्वभावाने कशा आहात, असं विचारत होत्या. मी काही सांगितलं नाही."

मी भडकलेच. तिसऱ्या भेटीला जाताना सगळं रद्द करायचं ठरवूनच गेले.

"माझी चौकशी तुम्ही केलीत?"

"या," त्या म्हणाल्या. जर्मन 'हो'. आवाजात जराही ओशाळलेपणा नव्हता.

"का?"

त्यांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. दोन वर्षांपूर्वी त्या एका ओळखीच्या बाईबरोबर इक्वेडोरला गेल्या होत्या. तिथे आजारी पडल्या. सोबतीण दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेली, कारण पुढची तिकिटं काढलेली होती. हॉस्पिटलात यांना धड पाणीही मागता येत नव्हतं. परत आल्यावर यांनी आधी स्पॅनिशचा वर्ग लावला.

"या वेळी थांबणारं माणूस हवं होतं. पण ते आधी कसं ओळखायचं? म्हणून फोन केला. चुकलंच."

मग पर्समधून पेनासारखं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. इन्सुलिन. त्यांना मधुमेह होता. बसमध्ये एक सॅक चोरीला गेली तर निम्मं औषध दुसरीत असावं, म्हणून तो डबा. आणि एकदम उंचावर चढणं झेपायचं नाही, आधी मधल्या उंचीवर शरीराला सवय हवी, म्हणून आरेकिपा.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा आला असता?"

मला लाज वाटत होती, पण संशयही पुरता गेला नव्हता. मी चाचरत डॉक्टरांचं पत्र मागितलं. त्यांनी ते दोन दिवसांत आणून दिलं, स्पॅनिश भाषांतरासकट, आणि माझ्याकडून आईचा फोन नंबर घेतला.

"तुम्ही आजारी पडलात तर मी कोणाला कळवू?" त्या म्हणाल्या.

हा विचार मी केलाच नव्हता.

त्या शरद ऋतूत आम्ही गेलो. आरेकिपात चारही दिवस राहिलो. त्या रोज चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मोडक्या स्पॅनिशमध्ये गप्पा मारायच्या. माझं स्पॅनिश त्यांच्याहूनही कच्चं निघालं.

पुढे बस चढणीला लागली आणि माझ्या संशयाने नवं रूप घेतलं. त्यांनी डोळे मिटले की मला वाटायचं, ही झोप आहे की साखर उतरून शुद्ध हरपली? मी त्यांना हलवून जागं करायची. तीनदा त्यांनी सहन केलं. चौथ्यांदा डोळे उघडून, शेजारच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी झोपले आहे. मेलेली नाही."

मग आमचं ठरलं. मी मनगटाला हलकेच हात लावायचा, आणि त्यांनी डोळे न उघडता एक बोट उचलायचं. कुस्कोपर्यंत ते बोट किती वेळा उचललं गेलं, कोण जाणे. एकदा मात्र वेळ लागला. घाट होता, बस वळणं घेत होती, आणि मी हात तसाच मनगटावर ठेवून बसले. थोड्या वेळाने बोट हललं.

"छळवाद आहे," त्या पुटपुटल्या आणि खिडकीकडे कूस वळवून झोपल्या.