वरचा बाण

नातीने कुरिअरने बिस्किटाएवढा एक बोर्ड पाठवला. त्याचा काटा खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसायचा, आणि माती किती ओली आहे ते तो केबलमधून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला सांगणार. ती बंगळुरूला नोकरीला, मी मुलुंडला एकटी. "आजी, तुझंच काम आहे हे," म्हणाली.

माझंच! विक्रोळीच्या कारखान्यात मी असेच बोर्ड तपासायचे. नवी होते तेव्हा एकदा युनिक्सच्या मशीनवर बोर्डासाठी ओळ टाइप केली आणि अक्षरं पडद्यावर उमटली. बोर्ड बोलला! अख्ख्या खात्याला कँटीनचे वडे खिलवले. साहेबांनी वाकून टेबलाखाली लोंबणारं केबलचं टोक वर काढलं. "बाई, बोर्ड जोडलेलाच नाही. मशीन तुमचंच तुम्हाला ऐकवतंय." डोक्यावर अबोलीचा गजरा, डोक्यात भुसा.

या बोर्डाने मात्र नुसता कचरा ओकला. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. रविवारी नातीने व्हिडिओ कॉल लावून माझी स्क्रीन बघितली, केबल बदलायला लावली. तासभर गेला. एरवी तिचा फोन म्हणजे "जेवलीस? गोळी घेतलीस? चल, ठेवते." त्या दिवशी तिने मला तिच्या खोलीतला पंखा कसा कुरकुरतो तेसुद्धा ऐकवलं.

बुधवारी पाकिटामागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. दोन्हीकडे बोलण्याचा वेग एकच लागतो. मी ९६०० टाकत होते, बोर्ड ११५२०० ने बोलत होता. आकडा बदलला आणि स्वच्छ ओळ आली: माती ४१२. पुन्हा माती ४१२. घरात तेवढंच कोणीतरी बोलत होतं, तेही कुंडीबद्दल.

रविवारी मी साळसूदपणे ९६०० टाकलं.

"अजून कचराच?"

"कचराच गं. वाट लागलीय बघ."

परत तासभर.

मधल्या दिवसांत संध्याकाळी ११५२०० टाकून मी बोर्डासमोर बसायचे. कुंडीला पाणी घालत नव्हते. आकडा रोज थोडा उतरायचा, काहीतरी घडतंय असं वाटायचं.

तिसऱ्या रविवारी मी ९६०० ची ओळ टाइप करायला घेतली, तशी ती वैतागली. "दर वेळी अख्खी ओळ काय टाइप करतेस? वरचा बाण दाब ना, मागची कमांड येते."

दाबला. कालचं ११५२०० पडद्यावर उभं राहिलं. लिनक्स काय, युनिक्स काय, काही विसरत नाही. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं होय? भुसा अजून शाबूत आहे.

"कधीपासून चालतंय हे?"

"मागच्याच्या मागच्या बुधवारपासून."

"आजी, यार! मी ऑफिसात चार जणांना विचारलं. नुसतं फोन कर म्हणायचंस ना!"

"म्हटलं असतं तर केला असतास?"

या वेळी वेग बरोबर जुळला होता, तिला स्वच्छ ऐकू गेलं होतं.

ती म्हणाली, "एंटर दाब." माती १८०. "अगं, कोरडी ठाक पडलीय. पाणी घाल आधी."

मी स्वयंपाकघरात गेले. तांब्या भरून येईपर्यंत ती फोन ठेवून मोकळी झाली असेल, असं धरूनच चालले होते. आले तर पंख्याची कुरकुर अजून ऐकू येत होती.

"घाल गं, बघतेय मी," ती म्हणाली.

आकडा वर चढला की ठेवणार, हे मला कळत होतं. मी थेंब थेंब घातलं.