न पाहिलेली चांदी

नव्वदच्या दशकात मी राजस्थानच्या डोंगरांत खोलवरची चांदी शोधायचो. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि यंत्रावरचे आकडे टिपायचे. आई गेल्यापासून सुरतेत, पांडेसरा भागातल्या खोलीवर माझे वडील, आबा, एकटेच असत. ते जरीच्या कारखान्यात चांदीची तार ओढायचे.

एकदा सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "जमीनखाले चांदी दिखस का रे?"

"नाही आबा. आकड्यांवरून अंदाज बांधतो. खोदणारे येईपर्यंत आम्ही पुढच्या डोंगरावर."

दुसऱ्या दिवशी ते मला कारखान्यात घेऊन गेले आणि नुकतीच ओढलेली तार त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. आबांची पाळी होती, त्यामुळे स्टेशनवर मी एकटाच होतो.