इन्शिराहबाईंचा बटरफ्लाय

अलेक्झांड्रियातल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे इन्शिराहबाई स्वयंपाक करतात. तीस वर्षं मसुराच्या आमटीची पातेली उचलून त्यांचे दंड पैलवानासारखे झालेत. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी क्लबच्या तलावावर जाहीर केलं, "मला बटरफ्लाय शिकायचाय." पोहण्यातला सगळ्यात अवघड प्रकार! मी शेजारीच पोहत होते. हसू दाबता दाबता माझ्या नाकात पाणी गेलं.

पण दंडांतली ती ताकदच त्यांना नडत होती. त्या हातांनी पाणी बदडायच्या, श्वासासाठी मान उंच काढायच्या आणि कमरेपासून खाली बुडायच्या.

"बाई, तलाव आहे, कणीक नाही!" शिकवणारे कॅप्टन वगदी काठावरून ओरडले. "महिनाभर हात वापरायचे नाहीत. ते मांड्यांना चिकटवा आणि कमरेतून लाट काढा."

"मग पोहू कशानं? जिभेनं?"

"जिभेनं पोहलात तर सायप्रस गाठाल!"

सगळे हसले, बाईही हसल्या. पण महिनाभर त्यांनी खरोखर हात हलवले नाहीत.

मग एका गुरुवारी कॅप्टन म्हणाले, "आता हात सोडा." बाईंच्या अंगातून लाट गेली आणि तिच्यामागून हात अलगद पाण्यावरून पुढे आले. हनुवटी पाण्याला घासत त्यांनी श्वास घेतला. पंचवीस मीटर कापून त्यांनी पलीकडच्या भिंतीला दोन्ही हात टेकवले, तेव्हा मी पोहायचं सोडून टाळ्या वाजवत होते.

बाई धापा टाकत वळल्या. "कॅप्टन, परत येऊ का तसंच?"

"दमलात ना? जमलं की तुम्हाला!"

"जमलं म्हणूनच तर!" असं म्हणून त्यांनी भिंतीला लाथ मारली.