स्क्रू नसलेली वायर

“हिला स्क्रू कुठंय?” आण्णांनी विचारलं.

वायरचं टोक त्यांनी चष्म्याजवळ धरलं होतं. आण्णा म्हणजे पाटणच्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष. मी सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, आणि या पतसंस्थेच्या मशिनांचा मेंटेनन्स माझ्याकडे आहे. वार्षिक सभा थोड्याच वेळात सुरू होणार होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललं होतं.

“हिला स्क्रू नसतो, आण्णा. नुसती आत सरकवायची.”

“मग ऱ्हाती कशी?”

“राहते.”

“जुनीला दोन हुते. एकदा पिळलं की टेबल उचललं तरी निघायची न्हाई.”

ते खरं होतं. जुनी म्हणजे व्हीजीए. निळ्या टोकाची, आत बारीक पिना असलेली जाड वायर. कॉम्प्युटरवरचं चित्र पडद्यावर न्यायचं, एवढंच तिचं काम. त्यातली एखादी पिन वाकली की पडद्यावरची सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायची. नव्या लॅपटॉपला आता तिची जागाच येत नाही. म्हणून मी मध्ये कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेत होते. कन्व्हर्टर हा जुन्या आणि नव्या वायरीमधला दुभाषी. तो तापला की गप्प बसायचा, आणि पडदा काळा. मागच्या सभेत तो नेमका आण्णांच्या फोटोवर काळा झाला आणि मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आण्णांनी नव्या प्रोजेक्टरला आणि नव्या एचडीएमआय वायरला होकार दिला.

सगळ्या शाखांमधले जुन्या वायरीचे मॉनिटर बदलून नव्या वायरीचे घ्यायचे का, हा विषय आज सभेपुढे येणार होता. माझं पुढचं बरंचसं काम त्यावर अवलंबून होतं.

“हिच्यातून चित्राबरोबर आवाजपण जातो,” मी मॅनेजर शिंद्यांना सांगितलं. “लॅपटॉपवर काही वाजलं तर ते थेट हॉलच्या स्पीकरवर येणार.”

“हो हो,” शिंदे म्हणाले. ते हारांची मोजदाद करत होते.

आण्णांना आवाजाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी शिपायाकडून सुतळी मागवली, वायर टेबलाच्या पायाला स्वतः बांधली आणि मला ओढायला सांगितलं. मी ओढली. टेबल सरकलं. आण्णांचं समाधान झालं.

सभा सुरू झाली. पडद्यावर नफ्याची स्लाइड, रंग झकास. सेक्रेटरी अहवाल वाचत होते. शिंदे लॅपटॉपपाशी बसले होते. सेटिंग असं होतं की सभासदांना फक्त स्लाइड दिसावी आणि लॅपटॉपवर शिंद्यांना दुसरं काहीही उघडता यावं. शिंद्यांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. त्यात आण्णांचा सकाळचा व्हॉइस मेसेज ऐकायचा राहिला होता. आण्णा टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. सुरुवातीला नुसती खरखर होती. लॅपटॉपमधून काहीच ऐकू येईना म्हणून शिंद्यांनी आवाज पूर्ण वाढवला.

मी भिंतीजवळून निघाले, पण मध्ये चार रांगा माणसं होती.

“शिंदे,” हॉलच्या चारही कोपऱ्यांतून आण्णा बोलले, “जिलबी इतक्यात भाईर काढू नका. वास आला की माणसं मंजुरीआधीच पंगतीला पळत्यात. आन् तात्या उठला तर माईक बिघडलाय म्हणायचं. त्यो एकदा बोलाय लागला की जेवान गार हुतंय.”

शिंदे घाबरून वायर उपटायला गेले. सुतळीमुळे ती निघेना.

“आन् माझ्या भाषणाला पुढच्या रांगेनं टाळ्या सुरू करायच्या. मागची आपोआप वाजवत्यात.”

एवढं झाल्यावर मी पोचले आणि लॅपटॉपच मिटला. सेक्रेटरी हातातला कागद तसाच धरून उभे होते. आण्णा व्यासपीठावर पाण्याच्या ग्लासात बघत होते.

तिसऱ्या रांगेतून तात्या उठले. दरवर्षी सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे सभासद ते हेच. शिपायाने त्यांना माईक दिला. माईक चालू होता.

“अध्यक्षसाहेब,” तात्या शांतपणे म्हणाले, “आवाज लय सोच्छ आला.”

आण्णांनी ग्लास बाजूला सरकवला.

“ही नवी वायर का?”

“व्हय,” आण्णा म्हणाले.

“जुनीतनं हे ऐकू आलं नसतं?”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

“मग समद्या शाखांत हीच घाला. माझी सूचना हाय. कुणाचं अनुमोदन?”

निम्मा हॉल हात वर करून उभा राहिला. उरलेले हसत होते. विषय मंजूर झाला. पुढचे विषय तर वाचून व्हायच्या आतच मंजूर झाले, कारण जिलबी आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं. आण्णांनी भाषण चार वाक्यांत उरकलं. टाळ्या मागच्या रांगेने सुरू केल्या.

पंगतीत तात्यांनी आण्णांना आग्रहाने जिलबी वाढली. आण्णांनी खाल्ली, पण मान वर केली नाही. हात धुताना ते माझ्याजवळ आले.

“पोरी, हिच्यातला आवाज तेवढा बंद करता येतोय का?”

“येतो. सेटिंगमध्ये आहे.”

“मग समद्या शाखांत आधी ते कर.”

मी केलं. मॉनिटर बदलायला पुरते दोन महिने लागले, आवाज बंद करायला प्रत्येक मशिनला अर्धं मिनिट. आता कुठेही नवी जोडणी करून दिली की चित्र नीट दिसतंय का, हे मी शेवटी विचारते. आधी व्हॉट्सअ‍ॅप बंद करायला लावते.