पायांनी झिजलेली नावं

आबांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. काम सुटून नऊ वर्षं झाली तरी त्यात पाच मिनिटांचा फरक पडला नव्हता. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या फरश्या घासल्या. पॉलिशचं यंत्र दोघांनी मिळून जिने चढवायचं, पाणी ओतायचं, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाच हात फिरवायचे. दिवसभर पोटऱ्यांपर्यंत पांढरा राडा. घरी आले की बायको दारातच बादली ठेवायची. "आधी माणूस धुऊन घ्या, मग आत या," म्हणायची.

कामचुकारपणा त्यांना खपत नसे. नळवाल्याने नळाचे आटे नीट आवळले नाहीत तर आबांना जेवण गोड लागत नसे. कोपरा सोडून पुसलेली जमीन दिसली की ते स्वतः फडकं घेऊन बसत. सूनबाई हसून म्हणायच्या, "आबा, कोपऱ्यात कोण बघतंय?" आबा म्हणायचे, "मी."

सूनबाईंनी त्या वर्षी एक नवीन गोष्ट सुरू केली होती. सुट्टीच्या सकाळी चहा झाला की दोन्ही मुलांना घेऊन बसायचं, छोटी प्रार्थना म्हणायची आणि मग आपल्या माणसांबद्दल बोलायचं. आपण ज्या देवापुढे बसतो त्याच्यापुढे आपल्या आधी कोण बसलं, हा त्यांचा विषय. नातीने, वय वर्षं अकरा, मोठ्या पुठ्ठ्यावर झाड काढलं होतं. नातू सात वर्षांचा. त्याला पानं रंगवायचं काम दिलं होतं आणि तो ती निळी रंगवत होता.

झाडाच्या शेंड्याजवळ एक फांदी रिकामी होती. ती आबांच्या पणजोबांची.

"खापरपणजोबांचे बाबा म्हणजे कोण?" नातवाने विचारलं.

"त्यांना काय म्हणतात मलाही ठाऊक नाही," सूनबाई म्हणाल्या.

"मग खापरखापरपणजोबा. त्यांचं नाव देवाला माहीत असेल ना? त्यालाच विचारू."

"विचार. आणि पानं हिरवी कर."

मग सूनबाईंनी ती गोष्ट सांगितली. घरात सगळ्यांना पाठ होती. गावातलं प्रार्थनाघर ज्या अकरा जणांनी दगड वाहून बांधलं, त्यांची नावं आत दाराजवळच्या अकरा फरश्यांवर कोरलेली होती. त्यात एक आपले. पण लोक इतके आले, पिढ्यान्‌पिढ्या इतक्या श्रद्धेनं आले, की त्यांच्या पायांनी ती अक्षरं झिजून गेली. नावं गेली, पण ती प्रार्थनेला आलेल्या पावलांनीच नेली.

"सुंदर आहे की नाही?" सूनबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात ताई हे तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे."

आबांनी कपबशी उचलली आणि मोरीकडे गेले. कप धुतला. पुन्हा धुतला.

ही गोष्ट त्यांनीच रचली होती. वय तेव्हा तेवीस. प्रार्थनाघराची जमीन पॉलिश करायचं काम ठेकेदाराला मिळालं आणि ठेकेदाराने आबांना पाठवलं. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने बजावलं होतं, "त्या अकरा फरश्यांवर यंत्र नाही चालवायचं हं. हातानं घासायच्या. अक्षरं उथळ आहेत." हाताने म्हणजे गुडघ्यावर बसून मुठीएवढ्या दगडाने, एकेका फरशीला अर्धा दिवस. शेवटच्या दिवशी त्या अकरा तेवढ्या राहिल्या. संध्याकाळी मित्रांबरोबर सिनेमाला जायचं ठरलं होतं. रखवालदार जेवायला घरी गेला होता. आबांनी यंत्र सुरू केलं. एकच हात, तोही हलका, असं मनाशी म्हणाले. पण राड्याखाली काही दिसत नाही. दगड किती खातोय ते पाणी मारल्यावरच कळतं. पाणी मारलं तेव्हा खाली आरसा होता.

रखवालदाराला त्यांनी सांगितलं, अक्षरं आधीच गेली होती, पायांनी झिजलेली, अक्षरांसारखा दिसत होता तो नुसता मळ. तो मळ निघाला, एवढंच. घरी आईलाही तेच सांगितलं. त्यातली एक फरशी आपली आहे हे आबांना माहीत होतं. कोणती, ते बघायची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. आई मात्र दर आठवड्याला त्याच फरशीशेजारी बसायची, प्रार्थना होईपर्यंत तळहात तिच्यावर टेकवून. ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आपणच तुडवून घालवली."

त्यानंतर मरेपर्यंत ती दारातून आत शिरली की भिंतीला धरून लांबून वळसा घालून जायची. गुडघे दुखायचे तरी. इतरांनाही सांगायची, बाबांनो, कडेने चाला.

आबा सिनेमाला वेळेवर पोहोचले होते. कोणता सिनेमा, ते आज आठवत नाही.

"आबा," नात मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात वही. "एक विचारू? तुम्हाला दगडातलं कळतं म्हणून."

"विचार."

"आपल्या बाहेरच्या पायरीला मध्ये खळगा पडलाय. सगळे तिथेच पाय ठेवतात म्हणून. हो ना?"

"हो."

"मग त्या अकरा फरश्यांना खळगा का नाही? मी हात लावून पाहिला. दाराआडच्या फरशीवर तर कुणी चालतही नाही. तरी सगळ्या सारख्याच गुळगुळीत."

आबांना हजार उत्तरं देता आली असती. दगड वेगळा, खाण वेगळी, काहीही. पोरगी मान हलवून निघून गेली असती. पण कामाच्या बाबतीत खोटं बोलायला जीभ वळेना. एकदा वळली होती, तेवढं पुरे होतं.

"पायांनी इतकं सरळ झिजत नाही," ते म्हणाले. "यंत्रानं झिजतं. मी चालवलं."

बाहेर सूनबाईंचा आवाज थांबला. आबा पुठ्ठ्यापाशी येऊन बसले आणि सगळं सांगितलं. सिनेमाचंही सांगितलं. ते न सांगता भागलं असतं, पण मग काम अर्धवटच राहिलं असतं.

"नाव काय होतं?" नातीने विचारलं.

"वाचलं नाही. घाईत होतो. आई त्यांना 'थोरले' म्हणायची, तेवढंच."

"पणजीला माहीत होतं? तुम्ही केलं ते?"

"नाही."

"म्हणजे ती उगाचच भिंतीकडून चालायची."

नातवाने निळी पेन्सिल खाली ठेवली. सूनबाई आबांकडे न बघता म्हणाल्या, "मी ही गोष्ट किती जणांना सांगितलीय, आबा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आबा प्रार्थनाघराच्या कारभाऱ्यांना भेटले, सगळं सांगितलं आणि तिथे एक दगड बसवू द्या म्हणाले. कारभारी आबांच्या मुलाच्या वयाचे, भला माणूस. ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"काका, आता कशाला उकरून काढता? अठ्ठेचाळीस वर्षं झाली. लोकांना ती गोष्ट आवडते. कुणाचं काय बिघडतंय?"

"दहा घरांची नावं गेलीत."

"अकरा ना?"

"अकरावं माझंच. त्याची तक्रार कोण करणार?"

कारभाऱ्यांना हसू आवरलं नाही. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, आत नाही देता येणार जागा, बाहेर छत्र्या ठेवतात त्या भिंतीवर चालेल का? आबा म्हणाले, चालेल.

झाडाचा पुठ्ठा त्या आठवड्यात कुणी वाचून दाखवला नाही. नातीने 'थोरले' एवढंच लिहिलं, आणि तेही पेन्सिलने. आबांशी ती बोलत होती, पण पूर्वीसारखं दगडातलं काही विचारत नव्हती. भिंतीवरच्या दगडाचा मजकूर मात्र तिनेच लिहून दिला. आबांनी तिला तेवढं मागितलं होतं.

काम सुटताना मिळालेली रक्कम आबांनी कधी मोडली नव्हती. आपल्यामागे आपल्या नावाचा एक चांगला दगड बसावा म्हणून ती ठेवली होती. ती घेऊन ते अक्षरं कोरणाऱ्याकडे गेले. त्याने मजकुराचा कागद वाचला, आबांकडे पाहिलं, पुन्हा वाचला: इथे अकरा नावं होती. फरशी घासणाऱ्याने ती यंत्राखाली घालवली. पायांनी नाही.

"शेवटचे दोन शब्द गाळले तरी अर्थ कळतो," तो म्हणाला. "मी अक्षरावर पैसे घेतो, म्हणून सांगतो."

"राहू द्या," आबा म्हणाले. "आणि खोल कोरा."